तेजाबात बुडणारे हात कलेत का दिसत नाहीत?



संमेलनाच्या अध्यक्षाने सर्वांना रुचेल असं बोलावं, ही अपेक्षा आज पुरी होणार नाही. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून ई-कचऱ्याच्या ज्या कलेचं आपण कौतुक करतो, तिच्याबद्दल माझी तक्रार आहे. मदरबोर्डांची भित्तिशिल्पं, कीबोर्डच्या बटणांचे गणपती, सीडींचे मोर यांत कल्पकता आहे, मेहनतही आहे. पण हा कचरा ज्यांच्या हातांखालून जातो ती माणसं त्यांत कुठेच नाहीत. ई-कचरा हा विषय घेतला की त्या माणसांना वगळायची मुभा कलावंताला उरत नाही, असं माझं ठाम म्हणणं आहे.

आधी व्यवहार पाहू. 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे ती फक्त 22.3 टक्क्यांची. उरलेल्यातला मोठा भाग भंगाराच्या बाजारात येतो. आपल्याकडे दिल्लीच्या सीलमपुरात तो सुटा होतो. मुरादाबादला रामगंगेच्या काठी जाळलेल्या बोर्डांची काळी राख चाळून, धुऊन धातू वेगळे केले जातात. बोर्ड शेगडीवर तापवतात, सोल्डरचं शिसं पातळ झालं की चिमट्याने चिप उचटतात, धूर थेट तोंडावर येतो. सोन्याचा मुलामा असलेले तुकडे तेजाबात पडतात आणि ते तेजाब शेवटी गटारात जातं. वायरींची वेटोळी पेटवून तांबं मोकळं करतात. वरचं पीव्हीसी जळताना डायॉक्सिन हवेत मिसळतं. हे विष शरीरात किती मुरतं, ते चीनमधल्या ग्वीयू या ई-कचरा फोडणाऱ्या गावातल्या मुलांच्या रक्तात मोजलं गेलं आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या 1 ते 6 वर्षांच्या 165 मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे सरासरी 15.3 मायक्रोग्रॅम शिसं सापडलं. त्यांतल्या 135 मुलांचं प्रमाण तेव्हा धोक्याचं मानल्या जाणाऱ्या 10 मायक्रोग्रॅमच्या वर होतं. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतं, आणि त्याने झालेलं नुकसान औषधाने परत भरून येत नाही.

आता याच विषयावरची कला पाहा. 2005 साली लंडनमध्ये पॉल बोनोमिनी यांचं ‘वी मॅन’ हे शिल्प उभं राहिलं. उंची 7 मीटर, वजन 3.3 टन. एक ब्रिटिश माणूस आयुष्यभरात जेवढी विजेची उपकरणं फेकून देतो, तेवढ्या उपकरणांचा हा राक्षस. दात कॉम्प्युटरच्या माउसचे. शिल्प प्रभावी आहे, याबद्दल वाद नाही. पण त्याची सगळी गोष्ट फेकणाऱ्यापाशी सुरू होते आणि फेकणाऱ्यापाशीच संपते. हे 3.3 टन पुढे कोण फोडणार, हा प्रश्न त्या शिल्पासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला पडत नाही. एडवर्ड बर्टिन्स्की यांनी 2004 साली ग्वीयूतल्या सर्किट बोर्डांचे ढीग टिपले. छायाचित्रं विलक्षण देखणी आहेत. शीर्षकात मात्र क्रमांक, वस्तू आणि गाव. पीटर ह्यूगो यांनी घानातल्या आग्बोग्ब्लोशीच्या जळत्या मैदानावर माणसांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि शीर्षकात त्यांची नावं घातली. ‘पर्मनंट एरर’ या 2011 सालच्या पुस्तकाचं हे मोठेपण मी मानतो. तरीही त्या प्रतिमांमुळे जगाच्या मनात राहिला तो धुराचा नरक. तिथे दुरुस्ती करणारे, भंगार विकणारे, रोजंदारीवर घर चालवणारे लोक होते, हे मागे पडलं. जुलै 2021 मध्ये तिथला भंगार बाजार पाडला गेला आणि कामगारांना हुसकावण्यात आलं. छायाचित्रांमुळे हे घडलं असं मी म्हणत नाही. पण एखादी जागा केवळ नरक म्हणून जगभर गाजली, की ती पाडताना फार कोणाला वाईट वाटत नाही, एवढं तरी आपण कबूल केलं पाहिजे.

कला म्हणजे सरकारी अहवाल नव्हे, कलावंतावर अटी घालू नका, असं मला सांगितलं जाईल. विषय निवडण्याचं स्वातंत्र्य मलाही प्रिय आहे. ज्याला नुसता आकार आणि रंग हवा आहे त्याने खुशाल बोर्ड वापरावेत. फक्त त्या कलाकृतीखाली ‘पर्यावरण’ हा शब्द लिहू नये. त्या शब्दाचा मान घ्यायचा आणि त्यामागची फुप्फुसं दाखवायची नाहीत, हे स्वातंत्र्यात बसत नाही. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: या धंद्यावर हजारो चुली पेटतात, त्याची भीषणता रंगवाल तर पोलिसांची धाड पडेल आणि गरिबाचंच पोट मारलं जाईल. हे खरं आहे, आणि म्हणूनच नुसत्या भीषणतेवर माझा विश्वास नाही. कामगाराचं कसब, त्याला मिळणारा भाव, मधल्या व्यापाऱ्याचा नफा, उत्पादक कंपनीची जबाबदारी हे सगळं कलाकृतीत आलं, तर पाहणारा माणूस धाडीची मागणी करणार नाही, हातमोज्यांची आणि मजुरीची करेल. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत या कामगारांची नोंदणी आणि कौशल्य-प्रशिक्षण राज्य सरकारांवर सोपवलं आहे. अंमलबजावणीबद्दल भांडायला हवंच. पण रुक्ष सरकारी नियमाला जो कामगार दिसला, तो आमच्या कलादालनांना अजून दिसत नाही, ही शरमेची गोष्ट आहे.

‘ती माणसं कुठे लिहितात, चित्रं काढतात?’ हा सवाल तर मराठी व्यासपीठावर कोणी करूच नये. गिरणीत राबलेल्या नारायण सुर्व्यांचा ‘माझे विद्यापीठ’ 1966 साली आला, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 साली. तोवर कष्टकरी-वंचितांच्या वस्त्यांबद्दल कळवळ्याने लिहिणारे पुष्कळ होते. कळवळा आणि साक्ष यांत किती अंतर असतं, ते या दोन संग्रहांनी मराठी वाचकाला कायमचं शिकवलं. पुण्यात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत कचरावेचकांना संघटित करते आहे; आपण काय उचलतो आणि त्याचं काय मोल आहे, हे त्या बायका पालिकेला ठणकावून सांगत आल्या आहेत. बोलणारी माणसं आहेत. व्यासपीठ आपण अडवून बसलो आहोत.

म्हणून या संमेलनाच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. ई-कचऱ्यावरच्या ज्या कलाकृतीला वा पुस्तकाला आपण पुरस्कार देऊ, तिच्यात माल कुठून आला, तो कोणी फोडला, त्यांना किती मजुरी मिळाली, हे त्यांच्या संमतीने नोंदवलेलं असावं. कलाकृती विकली गेली तर किमतीतला ठरलेला वाटा त्यांच्याकडे जावा. निवड समितीत त्या कामातली किमान दोन माणसं असावीत, आणि त्यांचं मत सल्ला म्हणून नव्हे, मत म्हणून मोजलं जावं. ठरावाला विरोध होईल, हे मला ठाऊक आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो उघडपणे, याच माईकवर येऊन करावा.