गोधडीचा वेळ

गोधडीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: बायका फावल्या वेळात शिवायच्या. गोधडी म्हणा की वाकळ, वाक्य तेच. ते तपासायला हवं, कारण हाताने शिवलेल्या गोधडीचं मोल आजही त्यावरूनच ठरतं. साधा हिशेब करू. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी गोधडी घ्या. एकेका इंचावर धावदोऱ्याची ओळ घातली तर ४८ ओळी होतात. पाव इंचाला एक टाका धरला तर एका ओळीत २८८ आणि सगळे मिळून १३,८२४ टाके. तेही जुन्या सुती कापडाच्या चार-पाच थरांतून सुई आरपार काढत. ज्या घरात पाणी, दळण, सरपण आणि वर रानातली खुरपणी बाईच्याच अंगावर, तिथे एवढा वेळ फावला कुठून?

तो फावत नव्हता, काढावा लागत होता. सुगी उरकली की मृगाचा पाऊस पडेपर्यंत रानातली कामं जरा सैल होतात. गोधड्या शिवायला काढायच्या त्या याच उन्हाळ्यात. पण तेव्हाही सलग दुपार क्वचितच मिळते, आणि गोधडीची सगळी घडण त्या तुटक वेळाला धरून आहे. धावदोऱ्याला ना चौकट लागते, ना माग. मूल रडलं की सुई कापडात टोचून उठावं, परत येऊन तिथूनच पुढे जावं. शेजारीण टेकली तर तिने दुसऱ्या कडेने ओळ धरावी. कापडाचा विचारही तितकाच नेमका. नऊवारी लुगड्याच्या चार घड्या घातल्या की लांबी सव्वादोन वार, म्हणजे ८१ इंच. उंच माणसालाही पुरेल अशी. एका लुगड्यात चार थर झाले. विरलेला भाग आत जातो, धड भाग वर येतो, काठ कडेला लागतात. ऊब येते ती थरांत कोंडलेल्या हवेमुळे, आणि थर जागच्या जागी राहतात ते टाक्यांमुळे. नवरात्राआधी दसरा काढताना हे कळतं. भिजून जड झालेली गोधडी नदीच्या दगडावर आपटली जाते, दोघींनी दोन टोकांना धरून पिळली जाते. टाके विरळ असतील तर आतल्या चिंध्यांचे गोळे होतात.

यावर कुणी म्हणेल, ही गरिबीची गरज होती, तिचं कौतुक कशाला? गरज होती हे खरंच. पण गोधडी का शिवली एवढंच गरज सांगते. अशीच का शिवली, हे सांगत नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्याचंच पाहा. तिथे हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंद नावाची गोधडी शिवतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातल्या गुलामीतून निसटून घाटावरच्या रानात आलेले. कडेपासून सुरू करून मध्याकडे सरकत जाणारी त्यांची शिलाई कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं बसवल्याशिवाय पुरी मानत नाहीत. त्या फुलांनी थंडी तसूभरही कमी होत नाही. गरजेपलीकडचं काही तिथे मुद्दाम ठेवलेलं आहे, आणि ते हाताशी फारसं काही नसलेल्यांनी ठेवलेलं आहे, म्हणून मला ते फार मोठं वाटतं.

यंत्रावरची गोधडी स्वस्त पडते, उबेलाही कमी नसते, हे मान्य. जिला तीच परवडते तिने तीच घ्यावी. माझी हरकत वेगळी आहे. हातमागाच्या साडीत विणकराचे किती दिवस गेले हे आपण आदराने विचारतो आणि त्याचे पैसे देतो. बचत गटातल्या बाईने हाताच्या गोधडीची किंमत सांगितली की मात्र, घरबसल्याच तर केलंय, असं म्हणून घासाघीस सुरू होते. ती करण्याआधी गोधडी उलटावी, वीतभर जागेतले टाके मोजावेत, आणि गावातल्या एका दिवसाच्या मजुरीशी ती किंमत ताडून पाहावी.