वल्ह्याच्या जागी बॅटरी

आज होडीविषयी बोलायचं आहे, पण कवितेतल्या होडीविषयी नव्हे. ही होडी बॅटरीवर चालते.

अमेरिकेत मिनेसोटा, नॉर्थ डकोटा या भागांत तळी फार. संथ फिरत गळ ओढत नेण्याला तिथे ट्रोलिंग म्हणतात. आपल्या कोकणातल्या ट्रॉलरशी त्याचा संबंध नाही. एक माणूस, एक गळ आणि भरपूर वेळ, असा तो मामला. १९३४ साली फार्गो गावच्या ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड मॉडेल-ए मोटारीच्या स्टार्टरपासून त्यासाठी विजेची मोटर बनवली. धूर नाही, इंजिनाची धडधड नाही.

प्रश्न विजेचा. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-अवरची बॅटरी घेतली आणि मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअर ओढते, तर शंभर भागिले पन्नास, म्हणजे दोन तास, असा हिशेब करून निघालेला माणूस तासाभराच्या आतच वल्हं शोधू लागतो. एक तर लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. दुसरं, तो शंभरचा आकडा साधारणपणे वीस तास हळूहळू वीज काढल्याचा असतो. घाईने उपसली तर ती तेवढं देत नाही.

मग माणूस दुसरी बॅटरी आणतो. इथे शाळेतल्या विज्ञानाची आठवण हवी. लालला लाल, काळ्याला काळं जोडलं तर ती समांतर जोडणी: व्होल्ट १२च, साठा २०० अँपिअर-अवर. एकीचं लाल टोक दुसरीच्या काळ्याला जोडलं तर ती एकसर जोडणी: २४ व्होल्ट, साठा १०० अँपिअर-अवर. एकूण ऊर्जा दोन्हीकडे सारखीच. मात्र २४ व्होल्टवर तेवढ्याच ताकदीला प्रवाह निम्मा लागतो आणि त्याच तारेत वाया जाणारी उष्णता चौथाई होते. म्हणून मोठ्या मोटरी २४, ३६ व्होल्टच्या असतात. पण कोणती जोडणी करायची हे मोटरवरचा आकडा सांगतो. १२ व्होल्टच्या मोटरला २४ दिले तर ती जळण्याचीच शक्यता जास्त.

समांतर जोडणीत मोटरची लाल तार एका बॅटरीवरून आणि काळी दुसरीवरून घ्यावी, म्हणजे दोघींवर भार सारखा पडतो. आणि जुनी-नवी जोडी जमवू नये. आपल्याकडे काटकसर म्हणून हे हमखास होतं, भारनियमनाच्या काळात मोठ्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांतही व्हायचं. एकसर जोडणीत अशक्त बॅटरी आधी रिकामी होते आणि सशक्त बॅटरी तिच्यातून प्रवाह ढकलत राहते. अशक्त बॅटरी कायमची जाते. दोन्हींपैकी एकीवरूनच दिवा किंवा रेडिओ चालवला तरी हाच असमतोल येतो.

सगळ्यात काळजीची गोष्ट आगीची. बॅटरीची दोन टोकं पान्याने जोडली गेली तर पाना लालबुंद होतो. लाल टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा. तो मोटर वाचवण्यापेक्षा तार पेटू नये म्हणून असतो. चार्जिंग करताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा बंद पेटीत ती चार्ज करू नये आणि जवळ विडी तर नकोच. खाऱ्या पाण्यात बॅटरी बुडाली तर विषारी क्लोरिन वायू निघू शकतो. खाडीत होडी चालवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. शंभर अँपिअर-अवरची एक बॅटरी जवळपास तीस किलोंची. ती तळाशी, मध्यावर, पक्की बांधलेली असावी. लिथियमची निम्म्याहून हलकी असते आणि जवळपास पूर्ण वापरता येते. पण तिच्या आतलं संरक्षक सर्किट एकसर जोडणीला परवानगी देतं का, हे विकत घेतानाच विचारावं.

आणखी एक हिशेब आहे, तो बॅटरीचा नव्हे, पाण्याचा. वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते. म्हणजे वेग थोडा उतरवला तरी पल्ला खूप वाढतो. दुसरी बॅटरी घेण्याआधी हे करून पाहावं, फुकट आहे. आणि निघताना आधी वाऱ्याच्या किंवा ओढीच्या विरुद्ध जावं, म्हणजे बॅटरी उतरत आली की पाणीच काठाकडे आणतं. वल्हं तरीही होडीत असू द्यावं.