कठड्याची तार



या व्यासपीठावरून वेदान्त, राजकारण, नाट्यसंगीत अशा भारदस्त विषयांवर आपण आजवर ऐकत आला आहात. आम्ही आज बोलणार आहोत ते तारेच्या एका तुकड्याविषयी. शिडाच्या नौकेवर, डेकच्या दोन्ही कडांनी, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत पोलादी दांड्यांच्या आधाराने एक तार ताणलेली असते. खलाशी तिला 'लाइफलाइन' म्हणतात. ही तार स्वतःच्या हातांनी कशी बदलावी, आणि मुळात स्वतःच्याच हातांनी का बदलावी, एवढाच आजचा विषय. समुद्र आपल्या गावापासून दूर आहे हे खरे. परंतु धुणे वाळत घालण्याची तार ज्याने एकदा तरी बांधली आहे, त्याला यातले निम्मे आधीच ठाऊक आहे.

घरातली ती प्लॅस्टिक चढवलेली तार कोठे तुटते, हे आठवून पाहा. मधोमध, जेथे ओल्या धोतरांचा भार असतो तेथे ती सहसा तुटत नाही. ती तुटते खिळ्याजवळ, जेथे आवरण संपते आणि पाणी आत शिरते. तुटण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती दिसायला अगदी नवी असते. नौकेवरच्या तारेचेही नेमके असेच आहे. फरक एवढाच, की येथे धुण्याच्या जागी माणूस असतो.

आता कोणी विचारील, की नौकेवरची तार तर स्टेनलेस स्टीलची असते. तिला गंज कसा चढेल? 'स्टेनलेस' या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. या पोलादात क्रोमियम असते. हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर एक अत्यंत पातळ थर धरतो आणि तेच त्याचे चिलखत. ओरखडा उठला तरी हवा लागत असेल तोवर ते पुन्हा सांधते. परंतु जेथे खारे पाणी साचून राहते आणि प्राणवायू पोचत नाही, तेथे ते सांधत नाही. तारेवर घट्ट बसवलेले पांढरेशुभ्र प्लॅस्टिक म्हणजे अशी एक लांबलचक फटच होय. हाताला मऊ लागावे, नौका शोभिवंत दिसावी म्हणून ते चढवतात, आणि रोग झाकण्याचे काम ते फार उत्तम करते. म्हणूनच 'वर्ल्ड सेलिंग' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सागरी शर्यतींच्या नियमांत पोलादी तार उघडी असावी, तिच्यावर घट्ट आवरण नसावे, असे सांगितले आहे.

आम्ही चौघे मित्र मिळून नऊ मीटर लांबीची एक नौका मुंबई बंदरात बाळगून आहोत. तिच्या उजव्या बाजूच्या तारेवर, टोकापासून वीतभर अंतरावर, चहाच्या थेंबाएवढा तपकिरी डाग होता. तेथे चाकूने प्लॅस्टिक उभे चिरले, तेव्हा आतल्या कित्येक लडी तुटलेल्या निघाल्या. वरून हात फिरवला असता तर काही कळले नसते.

या तारेवर भार तरी किती येत असेल? साध्या भूमितीने पाहू. दोन दांड्यांमध्ये दोन मीटर अंतर आहे आणि ऐंशी किलोचा माणूस मधोमध टेकल्यामुळे तार दहा सेंटिमीटर वाकली, असे धरा. मग तारेतला ताण ऐंशी किलो नसतो. तो चारशे किलो होतो. तार जितकी कमी वाकेल तितका तो वाढतो. आणि हे झाले स्थिर टेकण्याचे. लाटेने उचलून डेकच्या एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूला फेकला, तर हिशेब कोठल्या कोठे जातो. पाच मिलिमीटर जाडीची चांगली तार सुमारे दोन टनांपर्यंत टिकते. परंतु हा आकडा नव्या तारेचा आहे, आणि टोकाची जोडणी तितकीच भक्कम असेल तरच त्याला अर्थ आहे.

मोठ्या दर्यावर्दींना या तारेची गरज नसते, असे म्हणणारे लोक आम्हांला भेटले आहेत. फ्रान्सच्या एरिक ताबार्लीहून मोठा दर्यावर्दी ते कोठून आणणार? अटलांटिकची एकट्याने पार करायची शर्यत त्याने १९६४ आणि १९७६ अशी दोनदा जिंकली होती. १८९८ सालच्या 'पेन द्युइक' या त्याच्या लाडक्या नौकेवर जुन्या घडणीप्रमाणे कडेची तार नव्हती. १९९८ च्या जूनमध्ये, वेल्सजवळच्या समुद्रात, रात्री शीड बदलताना तो पाण्यात फेकला गेला. बरोबरच्यांना तो पुन्हा सापडला नाही. तार असती तर तो वाचला असता, असे आम्ही म्हणणार नाही. पण कौशल्य हा तारेला पर्याय नव्हे, इतके खरे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. नौका धक्क्याला किंवा किनाऱ्यावर पक्की बांधलेली असावी, आणि एका वेळी एकच तार उतरवावी. दांड्यांचे बूड आधी हलवून पाहावे. बोल्ट ढिले असतील, खालचे लाकूड पाण्याने नरम झाले असेल, तर नवी तार बांधणे म्हणजे कुजक्या चौकटीला नवे कुलूप लावणे. मग जुनी तार पिनेपासून पिनेपर्यंत मोजावी आणि ताण देणारे टर्नबकल कितपत उघडे होते ते लिहून ठेवावे. नवी तार या मापाने कापायची घाई मात्र करू नये. एक टोक आधी तयार करावे, तार सर्व दांड्यांच्या भोकांतून ओवून घ्यावी, आणि टर्नबकल जवळजवळ पूर्ण उघडे ठेवून दुसरे टोक जागेवरच मापून कापावे. तयार जोडणी बहुधा त्या भोकांतून जात नाही, आणि हे दोन्ही टोके बसवून झाल्यावर उमगण्यात काही मौज नाही.

टोकाची जोडणी हा सगळ्यांत रसाचा भाग. बाजारात यंत्राने दाबून बसवलेली टोके मिळतात. ती मजबूत असतात, पण आत काय झाले आहे ते दिसत नाही. दाबणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. आम्ही निवडली ती शंकूची जोडणी. या तारेत एकोणीस धागे असतात: मध्ये एक, त्याभोवती सहा, आणि बाहेर बारा. बाहेरचे बारा धागे टोकाशी उलगडायचे, आतल्या सातांवर एक छोटा पोकळ शंकू सरकवायचा, बारा धागे पुन्हा त्याच्यावरून सारखे पसरून मिटायचे, आणि वरून पेचाची टोपी दोन पान्यांनी आवळायची. एखादा धागा शंकूच्या खाचेत घसरू पाहतो. त्याला नखाने बाहेर काढावे लागते. पहिल्या टोकाला आम्हांला अख्खी दुपार लागली, चौथ्याला वीस मिनिटे. आवळून झाल्यावर टोपी पुन्हा उघडायची आणि धागे शंकूवर सारखे बसले आहेत की नाही ते पाहायचे. या जोडणीचा आम्हांला भावलेला गुण हाच: ती उघडून दाखवते. मग आत पाणी न शिरू देणारा लेप भरून कायमची आवळायची. पुढे कधी ती सोडून नव्याने बसवली, तर शंकू नवा घ्यावा.

ताण किती द्यावा? सतारीसारखी वाजेपर्यंत मुळीच नव्हे. त्याने नाळेवरचा कठडा वाकतो. सर्वांत लांब गाळ्याच्या मध्यावर चार किलो वजन टांगावे, वरची तार पाच सेंटिमीटरांपेक्षा अधिक झुकू नये. पिनांची टोके चिकटपट्टीने गुंडाळावीत, नाहीतर शीड फाटते आणि पोटऱ्याही.

एवढे करूनही या तारेवर रेलून उभे राहू नये. ती डेकपासून साठ सेंटिमीटर उंच असते, म्हणजे गुडघ्याच्या जरा वर. तोल गेलेल्या उंच माणसाला ती अडवण्याऐवजी उलटून टाकू शकते. अंगावरच्या पट्ट्याची दोरी तिला अडकवायची नसते. त्यासाठी डेकवर वेगळा, भक्कम पट्टा अंथरलेला असतो.

आणखी एक. मागच्या टोकाला आम्ही तार थेट पिनेला जोडली नाही. मध्ये बारीक, मजबूत दोरीचे अनेक वेढे दिले. हे अंतर दहा सेंटिमीटरांहून अधिक असू नये, आणि उन्हाने दोरी कुजते म्हणून ती दर वर्षी बदलावी. प्रयोजन असे, की माणूस पाण्यात पडला आणि नौकेशी परत आला, तरी भिजलेल्या कपड्यांनिशी त्याला त्या तारेवरून आत ओढून घेणे दोघातिघांनाही जड जाते. तेव्हा ती दोरी कापतात, तार सैल होऊन खाली पडते आणि वाट मोकळी होते. त्यासाठी सुकाणूजवळ, हाताला लागेल असा एक चाकू कायम बांधून ठेवलेला असतो. त्याने फळे चिरण्याला आमच्या नौकेवर बंदी आहे.