ईदीचा हिशेब



मी सॉफ्टवेअरवाला. दिवसभर दुसऱ्यांच्या हिशेबाचे प्रोग्राम लिहितो, पण २०२५च्या ईदेला घरचा हिशेब चुकला. ईद आली ३१ मार्चला, पगार अजून व्हायचा होता. तिन्ही बहिणींचे जोडे क्रेडिट कार्डावर घेतले आणि भाच्यांच्या ईदीसाठी कार्डावरूनच रोख काढली. कार्डावरून रोख काढली की व्याज त्याच दिवसापासून लागतं. महिनाभर रोजे ठेवले आणि ईदी दिली व्याजावर! अम्मीला सांगायचीही लाज वाटली.

खरं तर हे आधीच दिसायला हवं होतं. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२४मध्ये ती ११ एप्रिलला होती, तेव्हा पगार हातात होता. आपली कमाई इंग्रजी महिन्यावर आणि खर्च चांदावर!

आता शव्वालपासूनच दर चांद्र महिन्याला २,००० रुपये बाजूला टाकतो. शाबान संपेपर्यंत अकरा महिन्यांचे २२,००० होतात. त्यातून फितरा आधी काढायचा, कारण तो ईदच्या नमाजआधी पोचायला हवा. ईदी संध्याकाळी दिली तरी चालते.

मोठ्यांचे जोडे बंद करू या, असं इफ्तारला भीत भीत म्हणालो. अम्मी गप्प. धाकटी बहीण म्हणाली, "भाईजान, बरं झालं बोललात. तुमच्या जोड्याची परतफेड करायला मी उसने काढत होते."

आता ईदी फक्त मुलांना, प्रत्येकी शंभर. भाचा एवढंच विचारतो, "मामू, नोट कोरी आहे ना?"