पुतळी आणि तिचा मुलामा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांनी मला इतिहास शिकविला. नाणे हाती आले की आधी त्यावरील अक्षरे वाचावीत, लोक त्याविषयी काय सांगतात ते मागाहून ऐकावे, अशी त्यांची शिस्त होती. येथून जवळच दोराहा येथे १७३८ साली बाजीरावांनी निजामाकडून पन्नास लाख रुपये कबूल करून घेतले. तेव्हा नाणे हा विषय भोपाळातील मराठी माणसाला परका नाही, असे म्हणण्यास हरकत नसावी. मी मात्र आरंभ माझ्या घरातून करतो.

१९७२ साली थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी आईने आपली पुतळ्यांची माळ काढली. ती तिला सासूबाईंकडून मिळालेली होती. चौकातल्या सराफाने पुतळ्या कसोटीवर घासल्या. सगळ्यांचा कस सारखाच उतरला. मग त्याने त्या माळेतून सोडवून एकेक तराजूत घातल्या, तेव्हा एकवीसपैकी चार हलक्या भरल्या. कानस लावताच पिवळ्या पापुद्र्याखालून रुपे दिसले. आई काही बोलली नाही.

पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचे डुकॅट. १२८४ पासून व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ साली कोसळेपर्यंत ते जवळजवळ शुद्ध सोन्याचे, सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे पडत राहिले. पाच शतके एकच चित्र आणि एकच कस! एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तेथील राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या लंबगोलात येशू ख्रिस्त. मसाल्याच्या व्यापारातून ही नाणी आपल्या किनाऱ्यावर आली. येथे लॅटिन कोण वाचणार? लोकांनी चित्र वाचले. कोणाला त्यात राम-सीता दिसली. दक्षिणेत मधला ध्वजदंड माड ठरला, गुडघे टेकलेला माणूस ताडी काढणारा शाणार झाला आणि नाण्याचे नावच ‘शाणार काशु’ पडले. मला या नावाचे फार कौतुक वाटते.

विश्वास असा चित्रावर जडला म्हणूनच नकला झाल्या. हिंदुस्थानात सोनारांनी पुतळ्या घडविल्या. त्यांवरील लॅटिन अक्षरे नुसत्या रेघा होऊन गेली. काही चोख सोन्याच्या, तर काही रुप्याच्या किंवा तांब्याच्या असून वर मुलामा. जुनी रीत अशी की सोने पाऱ्यात मिसळून तो लगदा धातूवर माखावयाचा आणि तापवावयाचा. पारा उडून जातो, सोने चिकटून राहते. त्या वाफेने किती कारागिरांची छाती गेली असेल, कोण जाणे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला विजेने मुलामा चढवू लागल्यावर हे काम सोपे आणि स्वस्त झाले. हलक्या हाताने घासले तर कसोटीला वरचे सोनेच भेटते. पोटातले तराजू सांगतो. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड, रुपे साडेदहापट. तेव्हा त्याच आकाराची रुप्याची पुतळी जेमतेम दोन ग्रॅम भरते.

भाविकांच्या घरी असलेल्या रामटंक्यांची गोष्ट निराळी. रामपंचायतनाचे हे पितळी वा रुपेरी, कधी मुलामा दिलेले टाक पूजेसाठी केलेले असतात. ते कोणत्याही राजाचे चलन नव्हते. अकबराने १६०४-०५ च्या सुमारास ‘राम सिय’ अशी नागरी अक्षरे असलेली नाणी पाडली, ती मात्र खरी नाणी. आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासकडील होनांवर विष्णूची मूर्ती असे, हेही खरे. नेमक्या या खऱ्या आधारावर खोटे उभे राहते. राम-हनुमानाचे चित्र आणि १६१६, १७१७, १८१८ अशी साले घातलेले कंपनीचे ‘आणे’ बाजारात हिंडतात. ते कंपनीने कधी पाडलेच नाहीत. या नाण्यांत तांदूळ ओढून घेण्याची शक्ती आहे, त्यांत इरिडियम आहे, परदेशात त्यांना कोट्यवधी मिळतात, असे सांगून माणसांना लुबाडण्यात येते. तांदळाला लोहचूर्ण लावून खाली चुंबक लपविला की चमत्कार सिद्ध होतो! शिकलेली माणसेही यात फसतात, कारण घरच्या देव्हाऱ्यातील टाकाशी ते चित्र जुळते.

म्हणून आमच्या चार पुतळ्यांकडे मी पुष्कळ दिवस फसवणूक म्हणूनच पाहत असे. आजी फसली, की आजीने फसविले? पुढे एक साधी गोष्ट लक्षात आली. सोनार फसवावयास बसला असता तर चारांवर का थांबता? त्या चारही एकाच साच्यातल्या नव्हत्या. वेगवेगळ्या वेळी, एकेक करून, कोणीतरी खरी पुतळी मोडली असावी आणि माळेत खळगा दिसू नये म्हणून मुलाम्याची ओवली असावी. एखादे आजारपण, एखादे वाईट साल. घरात त्याचा उच्चार कोणी केला नाही.

आईने सतरा विकल्या आणि त्या चार देव्हाऱ्यात ठेवल्या. दर लक्ष्मीपूजनाला ती त्या चिंचेने घासून हळदकुंकू वाहत असे. आता ते काम माझ्याकडे आले आहे. इतक्या वर्षांच्या घासण्याने संताच्या खांद्यावरचे आणि त्याच्यापुढे टेकलेल्या गुडघ्यावरचे सोने गेले असून तेथे रुपे दिसू लागले आहे.