तोल : मोजण्याचा आणि सांभाळण्याचा

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या सभागृहात आपण सर्वजण जिना चढून आलात. काहींनी कठड्याचा आधार घेतला असेल. माझे वडील या ग्रंथालयाचे जुने सभासद. अखेरच्या वर्षी त्यांचा हात कठड्यावरून सुटत नसे. ते मी रोज पाहत होतो. अर्थ कळला तो मात्र ते घरात पडून खुब्याचे हाड मोडल्यावर. मी यंत्र अभियांत्रिकीचा अध्यापक असूनही असे घडले, म्हणूनच आज हा विषय निवडला.

मनुष्य स्तब्ध उभा असतो असे आपण म्हणतो. वस्तुतः शरीर सतत किंचित डोलत असते. गुरुत्वमध्यातून जाणारी लंबरेषा पावलांनी व्यापलेल्या जागेतच राहावी, यासाठी डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय व सांधे यांतील संवेदना अखंड वार्ता देत असतात. एक साधन क्षीण झाले की दुसरे त्याचा भार उचलते, आणि म्हणून बिघाड लवकर ध्यानी येत नाही. रुग्णास डोळे मिटून उभे करण्याची रोम्बर्ग यांची एकोणिसाव्या शतकातील परीक्षा याच तत्त्वावर आधारलेली आहे.

गती चित्रांतून मोजण्याची कल्पनाही जुनीच. फ्रान्समध्ये मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा त्यासाठी घडविला. पुढे प्रयोगशाळांत सांध्यांवर चकाकणाऱ्या खुणा चिकटवून अनेक कॅमेऱ्यांनी त्या टिपण्याची पद्धत रूढ झाली. परंतु तिचा खर्च सामान्य रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरचा. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने खेळासाठी ‘कायनेक्ट’ हा स्वस्त कॅमेरा बाजारात आणला आणि संशोधकांनी तो तोल मोजण्यास जुंपला. २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले, पण वाट मोकळी झाली होती. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ‘ओपनकॅप’ प्रणालीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. तीत दोन आयफोन आणि संगणक एवढ्यावर सांध्यांचे कोन मिळतात. अंगावर खूण लावावी लागत नाही. प्रयोगशाळेतील मोजमापाशी त्यांचा फरक सरासरी साडेचार अंशांच्या आसपास आढळला.

हा फरक थोडा की फार? गुडघा नीट वाकतो की नाही, हे पाहण्यास तो चालेल. उपचाराने दोन अंश सुधारणा झाली, असे सांगण्यास चालणार नाही. शिवाय कॅमेरा सांध्यावरचे बल पाहत नाही, ते गणिताने अनुमानितो. साडी वा धोतर नेसलेल्या व्यक्तीचा गुडघा त्याला दिसतच नाही. तेथे तो अदमास करतो. स्वस्त साधन वापरणाऱ्याने त्याच्या मर्यादा आधी जाणल्या पाहिजेत. मात्र त्याच व्यक्तीचे, त्याच जागी, तशाच कपड्यांत वारंवार मोजमाप घेतले, तर उतरती कळा लागल्याचा इशारा वेळेवर मिळू शकतो.

माझी एक विनंती आहे. ग्रंथालय वेळोवेळी पुस्तकांची पडताळणी करते. जीर्ण झालेले पुस्तक पाने गळण्यापूर्वीच बांधणीस जाते. तद्वत वर्षातून एक दिवस ज्येष्ठ सभासदांच्या तोलाचीही नोंद तज्ज्ञांच्या देखरेखीखाली येथे व्हावी. नोंद पाहून निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावा. यंत्र नसेल त्या दिवशी मात्र, कठड्यावरून न सुटणारा हात आपण पाहावा आणि त्याचा अर्थ विचारावा. मला तो विचारावयास उशीर झाला.