प्लग किती आवळावा?

(दुचाकीचालक व गॅरेजमधील उमेदवार यांच्या प्रशिक्षणवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. प्लग काढणे, साफ करणे, परत बसवून पान्याने आवळणे हे काम आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून अनेकदा झालेले आहे. तथापि आटे गेलेले हेड जेव्हा गॅरेजच्या टेबलावर येते, तेव्हा त्याच्या मुळाशी हेच क्षुल्लक काम असते. पणजी, म्हापसा, मडगाव येथील पिवळ्या मडगार्डचे पायलटबंधू येथे उपस्थित आहेत. त्यांची मोटारसायकल उभी राहिली की त्या दिवसाची मिळकत बुडाली. आणि आटे गेलेली गाडी काही एका दिवसात रस्त्यावर येत नाही.

प्लग घट्ट का असावा लागतो, हे प्रथम पाहू. सिलिंडरमधील दाब बाहेर निसटू नये, हे एक कारण आपणा सर्वांस ठाऊक आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे असूनही ते फारसे सांगितले जात नाही. प्लगचे टोक ज्वालेत असते. त्याला झालेली उष्णता आटे व वायसर यांच्या वाटेने हेडमध्ये उतरते आणि तेथून फिन्सवाटे हवेत जाते. टोकाचे तापमान सुमारे ५०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले तर काजळी जळून जाते व प्लग टिकतो. प्लग सैल राहिल्यास उष्णतेची ही वाट अडते, टोक लालबुंद होते, ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेट घेऊ लागते आणि शेवटी पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. म्हणजे सैल प्लग हा केवळ आवाज करणारा प्लग नव्हे.

यावरून कोणी म्हणेल, की मग आवळावा तितका बरा. अपघात घडतो तो येथेच. प्लगचा सांगाडा पोलादाचा व हेड ॲल्युमिनियमचे. जोर अधिक झाला की मऊ धातूचे आटे आधी जातात. ते बचावले तर सांगाडा ताणला जातो, आतील चिनी मातीची पकड ढिली होते आणि दाब प्लगच्या आतूनच गळू लागतो.

जुन्या कारागिरांच्या हाताविषयी मला आदर आहे. परंतु त्यांचा हात बुलेट, राजदूत, येझदी या गाड्यांवर बसलेला आहे. त्यांचे प्लग १४ मिलिमीटर व्यासाचे. १९८५ साली आलेली हिरो होंडा सीडी १०० आणि १९९४ ची स्प्लेंडर यांचे प्लग १० मिलिमीटरचे आहेत. ॲल्युमिनियमच्या हेडसाठी प्लग बनविणारे १४ मिलिमीटरला २.५ ते ३ किलोग्रॅम-मीटर पीळ सांगतात, तर १० मिलिमीटरला अवघा १ ते १.२. वीस सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाशी पहिल्यास साधारण १५ किलोचा जोर पुरतो, तर दुसऱ्यास ६ किलोचा जोर पुष्कळ होतो. बुलेटवर शिकलेला हात स्प्लेंडरवर तसाच चालविला, तर दोष हाताचा नव्हे, मापाचा असतो. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल, तर तोच प्रमाण मानावा.

टॉर्क पाना प्रत्येकाजवळ नसतो, आणि नसला तरी अडत नाही. इंजिन पूर्ण निवू द्यावे. तापलेल्या हेडमधून प्लग ओढून काढला की आटे सोबत येण्याची भीती असते. काढण्यापूर्वी भोवतालची माती फुंकून टाकावी, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. बसविताना पान्याचा दांडा बाजूस ठेवावा आणि प्लग बोटांनीच फिरवावा. पहिल्या दोन फेऱ्यांत अडखळला तर तो वाकडा धरला आहे. उलट फिरवून पुन्हा लावावा, पान्याने रेटू नये. वायसर हेडला टेकेपर्यंत बोटांनीच जावे. त्यानंतर पाना लावावा. तो प्लगच्या रेषेत सरळ हवा. तिरका राहिला तर चिनी मातीला चीर जाते, आणि ती डोळ्यांस दिसतेच असे नाही.

नवा प्लग टेकल्यावर सुमारे अर्धा फेरा द्यावा. १४ मिलिमीटरच्या प्लगच्या आट्यांचे अंतर १.२५ मिलिमीटर असते. अर्ध्या फेऱ्यात तो सहा दशांश मिलिमीटर उतरतो, आणि तेवढ्यात पोकळ वायसर चेपून बसतो. हाताला प्रथम मऊ व नंतर एकाएकी कठीण लागते, तेथे थांबावे. जुना प्लग परत बसविताना वायसर आधीच चेपलेला असतो. त्यास घड्याळाचा काटा एका तासात सरकतो तेवढी, म्हणजे ३० अंशांची, फेरी बहुधा पुरे होते. जुन्यास नव्याइतका फेरा देणे, हे आटे जाण्याचे फार मोठे कारण आहे. काही प्लगांना वायसरच नसतो, त्यांची बैठक निमुळती असते. त्यांना सोळाव्या हिश्शाचा फेरा पुरतो.

आट्यांना ग्रीस लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे. समुद्राची खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस पाहता ती समजण्यासारखी आहे. परंतु ग्रीसमुळे घर्षण घटते. तेवढ्याच जोराने प्लग अधिक ताणला जातो आणि टॉर्क पान्यावरील आकडा फसवा ठरतो. हल्लीच्या बहुतेक प्लगांवर गंजरोधक मुलामा असतो, म्हणून आटे कोरडे व स्वच्छ ठेवणे बरे. गंजाची भीती वाटत असेल, तर पावसाळ्यापूर्वी व नंतर एकेकदा प्लग काढून पाहावा. त्याने गाडीची इतर लक्षणेही कळतात.

आटे गेलेच तर हेड टाकून देण्याची घाई करू नये. भोक मोठे करून त्यात पोलादी तारेचे वेटोळे बसविता येते व मूळ मापाचाच प्लग लावता येतो. हे काम जाणकाराकडूनच करवावे. हेड न उतरवता भोक पाडणारे कारागीर भेटतात. त्यांनी पाडलेला चुरा सिलिंडरमध्ये कोठे गेला, हे त्यांना विचारावे.

येथे टेबलावर दोन जुनी हेडे, काही नवे-जुने प्लग आणि एक टॉर्क पाना ठेवला आहे. प्रत्येकाने पुढे येऊन आधी हाताच्या अंदाजाने १० मिलिमीटरचा प्लग आवळावा, आणि मग तो किती जोराने आवळला गेला ते आपण पान्यावर पाहू.